नेपथ्यातील नावे

संगणकाच्या पडद्यावर आपण एखादा लेख लिहीत असतो, तेव्हा संगणक आपल्यासाठी तेवढे एकच काम करीत आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्याच वेळी त्याच्या स्मृतीत शंभर-दीडशे, कधी त्याहूनही अधिक प्रक्रिया वावरत असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ची खिडकी उघडते आणि त्या साऱ्यांची हजेरी समोर येते. एसव्हीसीहोस्ट, सीएसआरएसएस, एलएसएएसएस, सीटीएफमॉन. स्वर गळालेली, धड उच्चारताही न येणारी ही नावे पाहून भाषेच्या माणसाला तर अधिकच परकेपणा वाटतो.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या परिसरातील महाविद्यालयांत, विशेषतः मराठी विभागांत, ह्या यादीकडे पाहण्याच्या दोनच रीती आढळतात. एक अनास्थेची : हे आपले क्षेत्र नव्हे, ते संगणकवाल्यांनी पाहावे. दुसरी भयाची : यंत्र मंद झाले की यादीतील अनोळखी नावे शोधावयाची आणि कोणीतरी पुढे पाठविलेल्या ‘हे बंद करा, ते बंद करा’ अशा टिपणानुसार ती एकामागून एक संपवावयाची. ह्या दोन्ही रीती वरवर परस्परविरोधी दिसल्या तरी दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोन्हींत ती यादी वाचली जात नाही. आमचे म्हणणे असे की ही यादी एक संहिता आहे, ती मराठीच्या अध्यापकाने वाचली पाहिजे, आणि ती वाचण्यासाठी लागणारी शिस्त त्याच्यापाशी इतरांहून काकणभर अधिकच आहे.

आरंभ शब्दापासून करावा. ‘बॅकग्राउंड’ला आपण ‘पार्श्वभूमी’ म्हणतो. परंतु पार्श्वभूमी ही चित्रातली वस्तू. ती स्थिर असते, डोळ्यांना दिसते आणि काही करीत नाही. येथे प्रकार नेमका उलटा आहे. जे चालले आहे ते दिसत नाही, आणि जे दिसते ते त्याच्याच बळावर उभे असते. ह्यासाठी आपल्या परंपरेतला शब्द ‘नेपथ्य’ हा आहे. आज मराठी रंगभूमीवर त्याचा अर्थ दृश्यबंधापुरता उरला असला, तरी संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा. तेथून आवाज येतात, सूचना येतात, पात्रे येथूनच सजून बाहेर पडतात. ठाण्याचे गडकरी रंगायतन, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर वा कल्याणचे अत्रे रंगमंदिर ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना हे सांगणे न लगे की रंगमंचावर दोन पात्रे असली तरी विंगेत माणसांची संख्या पुष्कळ मोठी असते.

इंग्रजीत अशा प्रक्रियेला एक जुने नाव आहे : ‘डीमन’. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये ते रूढ झाले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने एका विचारप्रयोगात, अणुरेणूंची निवड करीत अखंड राबणारा एक अदृश्य जीव कल्पिला होता. त्यावरून हे नाव आले. मूळ ग्रीक अर्थाने तो दुष्ट पिशाच्च नव्हे, तर देव आणि माणूस ह्यांच्या मधल्या पातळीवरचा सहचर. कोकणी माणसाला हे समजावून द्यावे लागत नाही. गावाच्या सीमेवरचा राखणदार दिसत नाही, तो आपल्या कामाचा गाजावाजा करीत नाही, आणि त्याची राखण चुकली की मगच त्याची आठवण होते.

आता हे सारे एकाच यंत्रात कसे सामावते ते पाहू. एका वेळी एका गाभ्यावर एकच काम होऊ शकते. म्हणून कार्यप्रणाली काळाचे सेकंदाच्या हजारांश भागांत मोजावे लागतील असे तुकडे पाडते आणि ते पाळीपाळीने वाटते. मध्य रेल्वेने नित्य प्रवास करणाऱ्याला ही व्यवस्था अनुभवाने ठाऊक आहे. ठाकुर्ली सुटल्यावर लोकल पत्रीपुलाच्या अलीकडे थांबते. डब्यातल्या माणसाला कारण दिसत नाही. पुढे कल्याणला कसाऱ्याचा आणि कर्जतचा असे दोन मार्ग फुटतात; त्या तोंडाशी मेल, मालगाडी, जलद आणि धीमी अशा साऱ्यांचे प्राधान्य ठरवून कोणीतरी रूळ वाटून देत असतो. जुन्या विंडोज ३.१ मध्ये (१९९२) हा वाटप करणारा दुबळा होता. एखाद्या कार्यक्रमाने आपण होऊन वाट सोडली नाही तर सारे खोळंबत. विंडोज ९५ पासून नव्या कार्यक्रमांच्या बाबतीत वेळ संपताच वाट काढून घेण्याचा अधिकार कार्यप्रणालीकडे आला. यंत्रात गाभे अधिक असणे म्हणजे मार्गिका अधिक असणे. परंतु मार्गिका वाढल्या म्हणून नियंत्रक अनावश्यक ठरत नाही.

ही व्यवस्था एकदा ध्यानात आली की यादीची लांबी पाहून घाबरण्याचे कारण उरत नाही. यादीतील बहुतेक प्रक्रिया कोणत्याही क्षणी झोपलेल्या असतात. कळ दाबली जाईल, जाळ्यावरून काही येईल, घड्याळात अमुक वेळ होईल, अशा एखाद्या घटनेची त्या वाट पाहत असतात. वाट पाहणाऱ्याला प्रोसेसरचा वेळ लागत नाही. म्हणून यादीत किती नावे आहेत हा प्रश्न गौण, कोणते नाव किती वेळ आणि किती स्मृती घेते हा प्रश्न मुख्य. येथेही आकडा वाचता यावा लागतो. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ह्या नावासमोर ९५ वा ९७ असा आकडा दिसला की हीच ती यंत्र खाणारी प्रक्रिया असा समज करून घेणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत. वास्तविक तो आकडा रिकामपणाचा आहे. शंभरांपैकी सत्त्याण्णव भाग यंत्राला काहीच काम नव्हते, एवढेच तो सांगतो. जी ओळ मौन नोंदविते तिलाच गोंगाट समजणे, हा वाचनदोष साहित्याच्या वर्गातही आपल्या परिचयाचा आहे.

स्मृतीची गोष्टही तशीच. विंडोज व्हिस्टापासून (२००७) कार्यप्रणाली मोकळी स्मृती मुद्दाम भरून ठेवते. आपण नेहमी उघडतो ते कार्यक्रम ती आधीच आणून ठेवते आणि दुसऱ्या कोणाला गरज पडली की ती जागा तत्काळ सोडते. ‘स्मृती मोकळी करून देतो’ असे सांगणारी साधने बहुधा हाच साठा रिकामा करतात. आकडा सुखावह दिसतो. परंतु पुढच्या वेळी तेच सारे तबकडीवरून पुन्हा आणावे लागल्याने यंत्र अधिकच रेंगाळते.

परंतु ह्या विषयात मराठीच्या अध्यापकाचे काय अडले आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर यादीतील एका नावातच आहे : सीटीएफमॉन. ऑफिस एक्सपी (२००१) बरोबर हे नाव घरोघरच्या संगणकांत शिरले, आणि त्या दशकात ‘निरुपयोगी प्रक्रिया’ म्हणून जितके हे बदनाम झाले तितके क्वचितच दुसरे कोणते झाले असेल. ते काढून टाकले तरी पुन्हा प्रकट होई, म्हणून त्याला विषाणूही ठरविले गेले. इंग्रजीखेरीज काही न लिहिणाऱ्याला ते निरुपयोगी वाटणे स्वाभाविक होते. कारण त्याचे कामच मुळी इतर भाषांच्या, हस्तलेखनाच्या व उच्चाराच्या मार्गाने येणारा मजकूर कार्यक्रमापर्यंत नेण्याच्या व्यवस्थेची देखरेख करणे हे होते. पडद्याच्या कडेला दिसणारी भाषापट्टी त्याच्याच हाती असे. म्हणजे अनावश्यक प्रक्रियांच्या ज्या याद्या आपण जशाच्या तशा पुढे पाठवीत होतो, त्या इंग्रजी एवढी एकच भाषा लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने जो भार होता, तो आपल्या दृष्टीने भाषेचा दरवाजा होता. आजच्या विंडोजमध्येही ही प्रक्रिया बंद पडली तर काही ठिकाणी, विशेषतः शोधाच्या चौकटीत, कोणत्याच भाषेत अक्षर उमटेनासे होते.

मराठी आणि संगणक ह्यांचा इतिहासच मुळी नेपथ्यातील श्रमांचा इतिहास आहे. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड एके काळी यंत्रात वेगळे बसवावे लागे. पुढे त्याच संस्थेची आयएसएम ही प्रणाली आणि खाजगी क्षेत्रातील श्रीलिपी ह्यांसारखी साधने पार्श्वभागी राहून प्रत्येक कळ अडवीत आणि रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती ठेवीत. साधन चालू आहे तोवर मराठी. दुसऱ्याच्या यंत्रावर ते नसेल तर त्याच मजकुराचा चिन्हांचा ढिगारा. युनिकोडने ही अवस्था पालटली, तरी तीही एका रात्रीत नव्हे. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट उमटण्यासाठी ‘जटिल लिप्यां’चा पर्याय निवडून मूळ तबकडी पुन्हा घालावी लागे. ‘ॲ’ ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत. शासनाने प्रमाणीकृत वर्णमालेचा निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी.

आजही ‘क्ष’ लिहिताना संगणकात क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे साठविली जातात आणि त्यांचे जोडाक्षर घडविण्याचे काम पडद्यामागे होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट वाटा; हा भेद पडद्यावर टिकतो, कारण रफार आणि अर्ध्या ‘र’ची चंद्रकोर ह्यांसाठी वेगवेगळी चिन्हे साठवावयाची असे कोणीतरी ठरविले आणि ती ओळखून आकृती घडविणारी यंत्रणा दर वेळी निमूटपणे ते पाळते. आपल्या दृष्टीने जो शुद्धलेखनाचा नियम आहे, तो यंत्राच्या दृष्टीने नेपथ्यातील एक कर्तव्य आहे. मराठी लिहिणाऱ्याने ह्या प्रक्रियांविषयी उदासीन राहणे म्हणजे स्वतःच्या लिपीच्या स्थितीविषयी उदासीन राहणे होय.

आता भयाच्या बाजूकडे वळू, कारण भय सर्वस्वी निराधार नाही. यादीत सर्वाधिक वेळा येणारे नाव एसव्हीसीहोस्ट. हे एका कामाचे नाव नव्हे. अनेक सेवांना चालण्यासाठी जो यजमान लागतो त्याचे हे नाव. पूर्वी एकेका यजमानाच्या घरी अनेक सेवा राहत. २०१७ मधील विंडोज १० च्या सुधारणेनंतर, साडेतीन गिगाबाइटांहून अधिक स्मृती असलेल्या यंत्रांत, बहुतेक सेवांना स्वतंत्र घर मिळाले. एका सेवेला अपघात झाला तर शेजारणीला झळ लागू नये, हा त्यामागचा हेतू. ओळी वाढल्या त्या ह्यामुळे. मात्र एकाच नावाच्या अनेक ओळी असल्या की त्यांत आणखी एक घुसविणे सोपे जाते. दुष्ट हेतूने लिहिलेले कार्यक्रम हेच नाव घेतात, किंवा ‘ओ’च्या जागी शून्य घालून त्याच्यासारखे दिसणारे नाव घेतात.

येथे मराठीच्या अभ्यासकाला काय आठवावे? ‘तुका म्हणे’ ही मुद्रा. शेवटच्या चरणात ती आली म्हणून अभंग तुकोबांचा ठरत नाही. परंपरा सांगते की सालोमालो हा तुकोबांच्या अभंगांना स्वतःची मुद्रा लावी. यादीतील तोतया त्याच्या उलट चालतो. तो स्वतःच्या कृत्याला दुसऱ्याची मुद्रा लावतो. तुकोबांच्या गाथेतील प्रक्षिप्ताचा प्रश्नही ह्याच जातीचा आहे. त्यावर आपल्या पूर्वसूरींनी जो उपाय केला तो मुद्रेवर न विसंबण्याचा. शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत जी इंदुप्रकाश आवृत्ती सिद्ध केली, ती वेगवेगळ्या हस्तलिखितांचा मेळ घालून. पोथी कोठली, कोणाच्या परंपरेतली, लेखनिक कोण, हे प्रश्न त्यांनी आधी विचारले.

नेमके हेच तीन प्रश्न येथे विचारावयाचे. प्रक्रियेच्या नावावर उजवी कळ दाबली की तिची मूळ फाइल कोठे आहे ते दाखविण्याचा पर्याय मिळतो. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ ह्या दालनात, क्वचित त्याच्या जोडदालनात सापडतो. तो एखाद्या तात्पुरत्या वा उतरवून घेतलेल्या फायलींच्या दालनात सापडला, तर मुद्रा खोटी आहे असे समजण्यास पुष्कळ आधार आहे. दुसरा प्रश्न स्वाक्षरीचा : फाइलीच्या गुणधर्मांत प्रकाशकाची अंकीय स्वाक्षरी असते वा नसते. तिसरा प्रश्न वंशाचा : हिला जन्म कोणी दिला? त्यासाठी मार्क रुसिनोविच ह्यांचे ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे विनामूल्य साधन आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ साली त्यांची संस्था विकत घेतल्यापासून ते तिच्याच संकेतस्थळावर मिळते. त्यात प्रक्रियांची वंशावळ झाडासारखी मांडलेली दिसते. मजकूर लिहिण्याच्या कार्यक्रमाच्या पोटी आज्ञा चालविणारी काळी खिडकी जन्मलेली दिसली, तर वाचकाने तेथे थांबावे. ह्या साऱ्याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. पाठचिकित्सेचा एक धडा पुरतो.

हा धडा न घेता यादीवर चाल करून जाण्याचे परिणाम काय होतात, ह्याचा इतिहास उपलब्ध आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा कृमी जगभर पसरला. साठ सेकंदांत यंत्र बंद होत आहे अशी सूचना येई आणि यंत्र खरोखरच बंद होई. त्याचा मार्ग बंद करणारी दुरुस्ती १६ जुलैलाच निघालेली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉन्फिकर’ आला; दुरुस्ती २३ ऑक्टोबरला आलेली होती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत अनेकांच्या फायली ओलीस धरल्या; त्या वेळी वापरात असलेल्या आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. तिन्ही वेळी उपाय आधी आणि आघात मागून. मधल्या दिवसांत तो उपाय यंत्रापर्यंत पोहोचविणारी जी पार्श्वप्रक्रिया, तीच ‘यंत्र मंद करते’ म्हणून बंद करण्याचा सल्ला आपल्या त्या टिपणांत असतो. रविवारच्या मेगाब्लॉकवर आपण सारेच चरफडतो. परंतु रुळांची देखभाल करावयाची तर कधीतरी गाडी थांबवावीच लागते, आणि ती टाळत गेल्यास थांबण्याची वेळ आपल्या हाती राहत नाही.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखणदारच उलटू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ ह्या सुरक्षा संस्थेच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर येऊन थांबली आणि अनेक विमानसेवा कोलमडल्या. विषाणूरोधकाला यंत्राच्या गाभ्यापर्यंत जाऊ दिले तरच तो राखण करू शकतो, आणि तेथवर गेलेल्याची चूकही तितकीच खोलवर पोहोचते. पुण्यात गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून आरंभ करून ‘क्विक हील’ उभे करणाऱ्या काटकर बंधूंच्या उद्योगापासून ते परदेशी संस्थांपर्यंत सर्वांच्या साधनांना हे लागू आहे. म्हणून एकाच यंत्रावर दोन-दोन विषाणूरोधक चालविणे हे दुप्पट संरक्षण नव्हे; ते बहुधा एकमेकांच्या कामात अडथळाच आणतात.

तेव्हा यादीतील नावाला विचारावयाचा शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : तू कोणासाठी राबतोस? उत्तरे तीन प्रकारची मिळतात. काही प्रक्रिया आपल्यासाठी राबतात. अक्षर जुळविणाऱ्या, छपाईची रांग सांभाळणाऱ्या, दुरुस्ती आणणाऱ्या. काही यंत्र वा कार्यक्रम विकणाऱ्यासाठी राबतात. विंडोज १० आल्यावर वापराची माहिती संस्थेकडे पाठविणाऱ्या सेवेवरून बराच वाद झाला आणि २०१६ साली फ्रान्सच्या माहितीसंरक्षण यंत्रणेने मायक्रोसॉफ्टला नोटीसही दिली. काही तर सर्वस्वी परक्यासाठी राबतात. २०१७ ते २०१९ ह्या काळात ‘कॉइनहाइव्ह’ नावाची आज्ञावली संकेतस्थळांत पेरलेली असे. वाचक पान वाची आणि त्याच्या यंत्राची शक्ती दुसऱ्याचे आभासी चलन खणण्यात खर्च होई. पहिल्या प्रकाराला हात लावू नये, दुसऱ्याला सेटिंग्जमध्ये जाऊन मर्यादा घालाव्यात, तिसऱ्याला बाहेर काढावे. सर्वांना एकाच दंडाने हाकणारे टिपण हा भेद करू शकत नाही, कारण ते लिहिणाऱ्याला आपण कोण आहोत आणि कोणत्या भाषेत लिहितो हे ठाऊक नसते.

महाराष्ट्रात संगणकसाक्षरता नाही असे नव्हे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकासमोर बसविले. आमच्यापैकी बहुतेकांपाशी ते प्रमाणपत्र आहे. पत्र, तक्ता आणि सादरीकरण ह्यांची भीती त्याने घालविली, हे त्याचे मोठेच कार्य. परंतु ही साक्षरता रंगमंचावरची होती. नेपथ्याची साक्षरता अजून व्हावयाची आहे, आणि ती परभाषेतील टिपणांचा अनुवाद करून होणार नाही. आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक मराठी विभागाने वर्षातून एक तासिका ह्या यादीच्या वाचनाला द्यावी. विद्यार्थ्यांनी आपापल्या यंत्रावरील नावे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकापुढे मराठीत तीन गोष्टी लिहाव्यात : हे कोठून आले, काय करते, कोणासाठी करते. दोन-तीन वर्षांत त्यातून एक छोटासा सटीप कोश तयार होईल. १८६४ साली कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या परिसराने उभे केले, त्याला हे अवघड जाऊ नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद सर्वांनाच झाला. अभिजातता जुन्या ग्रंथांनी सिद्ध होते. भाषेचे रोजचे जगणे मात्र ती ज्या यंत्रातून लिहिली जाते त्या यंत्राच्या पोटात ठरत असते. तेथे कोण जागे आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढे तरी तिच्या शिक्षकांना ठाऊक असावे.